माझ्या मिशीचं सुतक

कापसाला सोन्याचा भाव आला आणि आमचं वऱ्हाड नाटकाच्या नादाने पिसाळलं. तिकडे सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लोक आपसात लढत होते, तिथला कापूस विलायतेला पोचेना, म्हणून आमच्या वावरातल्या बोंडाबोंडाला गिऱ्हाईक उभं. पैसा हातात आल्यावर माणसाने विहीर बांधावी, बैल घ्यावेत. छे! आमच्या लोकांना गंमत सुचली. अकोल्याचा कापूसबाजार म्हणू नका, चांदूर बाजारचा आठवडी बाजार म्हणू नका, जिथे चार गाड्या सुटल्या तिथे डफ वाजायला लागला. देशावरून नाटकमंडळ्या उतरायला लागल्या. त्यांच्याकडे रंगवलेले पडदे आणि पेट्या भरभरून खोटे दागिने. आमच्याकडे पडदाच नव्हता. आमची खडी गंमत भर दुपारी, उघड्या मैदानात, उभ्या उभ्या व्हायची. सगळी बाप्ये माणसं. राणीसुद्धा बाप्याच.

त्या गमतीचा म्होरक्या मी. राजापेठेच्या अंगाला आमचं घर, गावाबाहेर वावर. मी राजाचं सोंग घ्यायचो, तेही गळ्याच्या जोरावर नाही, निव्वळ मिशीच्या. तशी मिशी उभ्या अमरावतीत नव्हती, हे मी आजही कोणाशी भांडून सांगायला तयार आहे.

आमच्या राणीचं लुगडं मात्र खरं होतं. माझ्या मायचं, लग्नातलं, हिरवं रेशमी, जरीच्या काठाचं. मायला गमतीचं भारी वेड. बायकांनी मैदानात यायची रीत नव्हती, तर ही तालमीच्या वेळी दाराआड बसून आम्हाला चुका सांगायची. एका दिवाळीला तिने ते लुगडं उचलून राणीला देऊन टाकलं, आणि घरात आग लागली. कारण त्या लुगड्यावर माझ्या धाकट्या बहिणीचा डोळा होता. तिला चांदूर बाजारला दिलेली. ती अंगणात उभी राहून म्हणाली, "पोटच्या पोरीपरीस तुले नाचे जवळचे. आता तुह्या घरी पाय ठेवन तं नाव नाही सांगनार!" माय काय कमी होती? "नको ठेवू व! तुह्यावाचून माहं काय अडून राह्यलं?"

त्यानंतर ना ही गेली, ना ती आली. दिवाळ्या गेल्या, पोळे गेले. मी दोघींच्या मध्ये निरोप नेऊन नेऊन थकलो. चांदूर बाजारकडून गाडी आली की माय काहीतरी निमित्त काढून दारात यायची, सुपातले खडे पुन्हा निवडायची. विचारलं की अंगावर धावायची, "मी कोनाची वाट पाहू? उजेड कमी हाये आतमंदी." भर दुपारी उजेड कमी! मला वाटायचं, ही म्हातारी अशीच वाट बघत एक दिवस जाईल.

अशात आमची राणी पळाली. म्हणजे राणीचं सोंग घेणारा शिंपी. देशावरच्या मंडळीने त्याला फोडला आणि तो आम्हाला न सांगता त्यांच्या पेट्यांवर बसून गेला. मेल्याने निदान लुगडं तरी घडी करून ठेवलं! आणि इकडे अकोल्याच्या व्यापाऱ्यांचा सांगावा आलेला, बाजाराच्या दिवशी गंमत पाहिजे, अख्खा मुलूख जमणार आहे.

झाली ना पंचाईत! राणी व्हायचं तर मिशी काढावी लागते, आणि आमच्यात मिशी काढतात ती आई किंवा बाप गेल्यावर. बाप जिवंत असताना कोण पोरगा ओठाला वस्तरा लावेल? मी एकेकाला धरून विचारलं. एकाचा बाप जिवंत. दुसऱ्याचा बाप जिवंत, वर तापट. डफ वाजवणारा आमचा पिंजारी गालात हसून म्हणाला, "भाऊ, मेरी तो दाढी भी जाएगी. मुझे मत देखो." मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले. माझा बाप कधीच वारलेला.

"हड्!" मी ओरडलो. "मी राजा हाओ!"

"राजा कोनीबी होते," पिंजारी माझ्यासाठी आमच्या बोलीवर उतरला. "लोक येतेत ते रानीसाठी."

मी घरी येऊन मायला म्हणालो, की तू अजून आहेस, मी मिशी काढली तर लोक समजतील तू गेलीस. वाटलं होतं, ती शिव्या घालेल आणि माझी सुटका होईल. म्हातारी पोट धरून हसली. "समजू दे! माह्या लुगड्याची लाज राख म्हंजे झालं." आणि न्हाव्याला तिनेच बोलावणं धाडलं.

अकोल्याचं काय सांगू? पन्नाशीला टेकलेली, ढेरपोटी राणी वनवासाला निघाली तेव्हा मैदान हसून हसून लोळलं. वनवासातला शोक करायला मी खाली बसलो आणि लुगडं मागून टर्रकन फाटलं. तिकडे लोकांनी टोप्या उडवल्या. देशावरच्या मंडळीचे पडदे त्या दिवशी कोणाला आठवले नाहीत, हे मला फार गोड वाटलं.

पण त्याच सकाळी बहिणीचा दीर कापूस घेऊन अकोल्यात आला होता. त्याने मला लांबून पाहिलं. डोक्याला पटका, म्हणून केस दिसेनात, आणि ओठ भादरलेला. विचारायचं काय त्यात? आई गेली, आणि हे लोक एवढे रागावले की कळवलंसुद्धा नाही. तो तसाच गाडी जुंपून चांदूर बाजारला गेला. मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

आम्ही अमरावतीला परतलो. माय ओसरीत माझ्यासमोर बसून लुगड्याची फाटकी बाजू बघत होती आणि मला वाटेल ते बोलत होती. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हंबरडा ऐकू आला. माहेरी माणूस गेलं की लेक गल्लीपासूनच रडत येते, तसा.

"माय व माय! मले न भेटता गेली व माय!"

मी ताडकन उठलो. मायने माझं धोतर धरून मला खाली बसवलं. डोळे असे चमकत होते तिचे! "चूप बस," ती कुजबुजली. "आयकू दे मले." आणि स्वतः दाराआड सरकली, तालमीला बसायची त्याच जागी.

बहीण अंगणात येऊन कोसळली. "तुह्या हातची भाकर कोनाले मागू व आता? लुगडं गेलं असतं चुलीत! मी रोज म्हनो, आज बलावन, उद्या बलावन. एक डाव तरी बलावलं असतं व माय, उघड्या पायानं आली असती!"

मला हे ऐकवेना. मी दाराआड पाहिलं. मायचं हसू गेलं होतं. पदर तोंडात कोंबून ती गदगदा हलत होती.

"मी कावून बलावू?" एकदम आतून आवाज फुटला. "लेकीले माहेरी याले बलावनं लागते काय व?"

बहीण किंचाळली ती अशी की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. मग तिने माझा ओठ पाहिला, मायला पाहिलं, पुन्हा ओठ पाहिला आणि मला पायातला जोडा फेकून मारला. त्यानंतर दोघी मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून जे भांडल्या! रडत होत्या आणि भांडत होत्या. मायने लुगडं तिच्या मांडीवर टाकलं, "घे, ने!" बहिणीने उलगडलं आणि फाटलेलं दिसलं. मग दोघी मिळून माझ्यावर तुटून पडल्या. त्या दिवशी मी फार शिव्या खाल्ल्या आणि फार सुखात होतो.

मग मात्र बहीण वरचेवर येत राहिली. फाटकं लुगडं तिने शिवून घेतलं, आणि सणाला नेसून मायला मुद्दाम पाठ दाखवायची. माझी मिशी पुन्हा आली, पहिल्यापेक्षा दाट. मी पुन्हा राजा झालो. अमेरिकेतली लढाई थांबली, भाव पडला, मंडळ्यांचे पडदे आले तसे गेले. आमची गंमत चालूच राहिली.

पुढे एका उन्हाळ्यात माय खरंच गेली. न्हाव्याने माझं डोकं केलं, मिशी उतरवली. चांदूर बाजारला निरोप गेला होता. दुपारी बहिणीची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. मी दारात उभा होतो. ती उतरली. तिच्या अंगावर तेच हिरवं लुगडं होतं. ती रडत नव्हती. सावकाश माझ्याजवळ आली आणि माझ्या ओठाकडे बघत राहिली. मग मला ओलांडून तिने दाराआड पाहिलं, तिथे कोणी नव्हतं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "सोंगच हाये न रे हे?"