उजव्या गुडघ्याची पट्टी

फुटबॉलची मॅच सुटली. स्टेडियमच्या पायऱ्या कठड्याला धरून उतरत होतो, तर माझ्याच वयाचा एक अनोळखी माणूस थांबला. "गुडघा दुखतोय व्हय? कंचा?"

"उजवा," मी पटकन म्हणालो. दुखतो डावा, तोही खेळत होतो तेव्हापासून.

आमच्या कोल्हापुरात मॅचच्या आदल्या दिवशी समोरच्या तालमीच्या संघाची माणसं फार मायेनं गुडघ्याची चौकशी करायची, आणि दुसऱ्या दिवशी लाथ नेमकी तिथंच बसायची. म्हणून मी पट्टी धडधाकट गुडघ्याला बांधायचो. पुढं नाव झालं, पण हार घालणारासुद्धा माझ्या पायांकडंच बघतोय असं वाटायचं. खेळ सुटला, खोड सुटली नाही. डॉक्टरलाही आधी उजवाच दाखवला.

त्या माणसानं मात्र माझ्या डाव्या बगलेत हात घातला.

"उजवा म्हटलं ना!"

"तवाबी पट्टी उजव्यालाच असायची तुमची," तो हसला. "तुमच्यासमोर बॅकला मीच असायचो. डावा हाय, हे कळत हुतं मला."

त्या डाव्याला त्यानं कधीच लाथ मारली नव्हती. श्रेय मी माझ्या पट्टीला देत आलो होतो.

मी सगळा भार त्याच्यावर टाकला. नजर तेवढी त्याच्या बुटांवरून हलेना.