जुनी दे, नवी घे

"हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह," बारामतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझा सागर मान खाली घालून बसला होता. म्हणजे काय, मी विचारलं. रक्तातून लागणारी कावीळ, त्या म्हणाल्या. बरेचदा वरून काहीच दिसत नाही, पण आत लिव्हर खराब होत राहतं.

कळलं तेही रक्तदान शिबिरामुळे. टी-शर्ट मिळतो म्हणून पोरगा गेला आणि मागून रक्तपेढीचा फोन आला.

सागर पोलीस भरतीची तयारी करतो. कळसला, आमच्या गावी, घरामागच्या मैदानावर पोरं पहाटे पळतात. दम लागू नये म्हणून त्यातली काही ब्लड प्रेशर वाढवणारं इंजेक्शन टोचून घेतात, हे मला त्या खोलीत कळलं. सुई सगळ्यांत एकच.

"एका ताटात जेवतो आमी. सुई काय येगळी ठेवायची?" सागर म्हणाला. डॉक्टरीणबाई समोर होत्या म्हणून माझा हात थांबला.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजणारी तपासणी झाली. मग तीन महिने गोळ्या. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळाल्या. वाट बघताना बाकावर बसून कंबर धरली, एवढंच. त्याच्या जोडीदारांनाही तपासायला धरून नेलं. डॉक्टरीणबाईंनी एक बजावलं, "बरा होईल. पण पुन्हा दुसऱ्याची सुई टोचली, तर पुन्हा होईल. आणि नाद एका दिवसात सुटत नसतो."

त्यांनीच एका संस्थेच्या आरोग्यताईंशी गाठ घालून दिली. वापरलेली सुई आणा, कोरी न्या, असं ताईंचं काम. जुन्या कपड्यांवर भांडी देतात, तसंच. पण कुणी बघेल म्हणून पोरं ताईंच्या केंद्राकडे फिरकेनात. माझ्याकडे मात्र रोज पाणी प्यायला येतात. म्हटलं, ठेवा जुन्या सुयांचा डबा आणि कोऱ्या सुया माझ्या पडवीत.

चुलतसासरे तात्या काठी आपटत आले. "सुया वाटनार? नादाला खतपाणी घालतीस व्हय? उद्या तुझ्याच पोरानं मागितली तर देशील का?"

पण डबा मी हलवला नाही.

पोरं आधी लाजली, मग येऊ लागली. ताई डबा न्यायला आल्या की कुणी त्यांच्याशी बोलत बसलं. एकानं तर इंजेक्शन सोडलंच. सागरचा रिपोर्ट आला: नॉट डिटेक्टेड, म्हणजे विषाणू सापडला नाही. मी गल्लीत पेढे वाटले.

भरती जवळ आली तसा तो गप्प गप्प राहू लागला. एका सकाळी मी भाकरी थापत होते. पडवीतल्या डब्यात काहीतरी पडलं.

"आई, नवी दे," सागर म्हणाला.

थोबाडीत द्यावी वाटलं, गळ्यात पडून रडावंसं वाटलं. मग पिठाचे हात धुतले आणि कोरी सुई त्याच्या हातावर ठेवली.

तात्या अंगणातच होते. "दिली, तात्या," मी म्हणाले.

ते उठले आणि शेळी पाडील म्हणून डबा कोनाड्यात उचलून ठेवला.

सागरचा नाद अजून सुटलेला नाही. संध्याकाळी आम्ही दोघं ताईंकडे बोलायला जातो. तुमच्या घरात असं झालं तर शरमेपायी पोराला दार लावू नका. मैदानामागं लपला असता, तर माझ्या हाती काय राहिलं असतं? तो माझ्याकडे आला, याबद्दल मी त्याचे उपकारच मानते. सुटेल तेव्हा सुटेल. तोवर त्याची सुई कोरी असेल.