काडी मोडली, सही राहिली

जैनाबादच्या चावडीवर माझ्या दोन एकरांच्या लिलावाची नोटीस लागली, तेव्हा मी चक्क हसले होते. माझ्याकडे फारकतीचा कागद होता ना! वर्षभरापूर्वी पंचांसमोर काडी मोडून आम्ही नवरा-बायको वेगळे झालो होतो. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं की पिठाच्या चक्कीचं इंजिन त्याचं, इंजिनावरचं सोसायटीचं कर्जही त्याचं, आणि माझ्याशी कसलं देणं-घेणं उरलेलं नाही. खाली पाच पंचांच्या सह्या. हा कागद पाहिला की सोसायटीवाले माफी मागतील, अशी माझी खात्री. तो घेऊन मी तापी ओलांडली आणि बुऱ्हाणपुरात सोसायटीच्या कचेरीत सेक्रेटरीच्या टेबलावर आपटला.

राजधानी नागपूरहून भोपाळला गेली त्या दिवसांतली ही गोष्ट. वऱ्हाड तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो, ह्याचीच चर्चा कचेरीत चालली होती. सेक्रेटरी वयस्कर, शांत माणूस. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून माझ्याकडे सरकवला.

"बाई, काडी पंचांनी मोडली. सोसायटीनं कुठं मोडली?"

मग त्यांनी मूळ कर्जाचा कागद काढला. त्यावर नवऱ्याची सही, त्याखाली माझी, आणि तारण म्हणून इंजिन आणि माझ्या बापानं मला दिलेली दोन एकर जमीन. पंचांनी आम्हा दोघांना एकमेकांपासून सोडवलं होतं, सोसायटीपासून नाही. त्यात तो रुई-कापसाच्या सट्ट्यात बुडाला होता आणि नादार ठरवून घ्यायला कोर्टात गेला होता. त्याच्याकडून काही निघणार नाही म्हणून सोसायटी माझ्याकडे आली होती.

"मग अर्धं घ्या माझ्याकडून!"

"अर्धं-बिर्धं नाय होत, बाई. दोघांपैकी जो हाती लागला, त्याच्याकडून पूरं."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सट्टा त्यानं खेळायचा आणि केळी माझी जायची! उभी बाग होती माझी, घड धरलेली. ती दुसऱ्याच्या नावावर होणार ह्या कल्पनेनं मला खुर्चीत बसवेना. मी विचारलं, "आणि इंजिन? ते काय उडून गेलं?"

इथे सेक्रेटरींनी लेखणी खाली ठेवली. इंजिन सोसायटीकडे तारण असल्यामुळे ते बाकीच्या सावकारांत वाटलं जाणार नव्हतं. ते हाती आलं तर सोसायटी मलाच चालवायला देईल, मी हप्ते फेडीन, लिलाव थांबेल. पण ते त्याच्या मोठ्या भावाच्या कोठ्यात उभं होतं, त्यावरची नंबराची पितळी पट्टी उचकटलेली होती, आणि कोर्टात त्यानं लिहून दिलं होतं की इंजिन भावाचं आहे. माझी जमीन गुंतलेली, म्हणून माझ्या बोलण्याला तिथे वजन नाही. "तो स्वतः खरं बोलला तरच," सेक्रेटरी म्हणाले. पेशी मंगळवारी होती, म्हणजे चार दिवसांवर.

लोक म्हणतात अशा वेळी पाय गळतात. माझ्या पायांना उलट पंख फुटले. मी तिथून थेट त्याच्या भावाच्या घरी गेले. तो स्वतःच ओट्यावर बसला होता, दाढी वाढलेली. मला बघून उठून उभाच राहिला.

"इंजिन कोणाचं हाये?" मी विचारलं.

"हळू बोल ना. भाऊ आतमध्ये हाये."

"ऐकू द्या त्यांले! मंगळवारी तुम्ही खोटं बोलले तर माझी जमीन जाते. आन जमीन गेली ना, तर ट्रंक घेऊन मी ह्याच ओट्यावर येऊन बसते. रोज. सारं बुऱ्हाणपूर पाहील."

फारकतीनंतरही तोंडातून 'तुम्ही'च निघालं, ह्याचा मला वेगळा राग आला. तो खाली बघत म्हणाला, "खरं बोललो तर भाऊ घरात नाय ठेवणार मले."

त्याची दया आली हेही सांगून टाकते, पण दयेनं जमीन वाचत नाही. मी तशीच परत फिरले.

मंगळवारी कोर्टात मी पहिल्याच बाकावर जाऊन बसले. साहेबांनी विचारलं, इंजिन कोणाचं? भाऊ मागे उभा राहून घसा खाकरत होता. साहेबांनी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. त्यानं एकदा भावाकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझंच हाये, साहेब, सोसायटीकडे तारण. पट्टी मीच काढली."

मला नाचावंसं वाटलं! कोर्ट नसतं तर नाचलेही असते. बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. माझ्या धमकीला घाबरलात ना, असं मी विचारणार होते. त्यानं मला बोलूच दिलं नाही. "माझं इंजिन मी भावाले देऊन टाकलं असतं," तो म्हणाला, "पर तुझं शेत देणारा मी कोण?" एवढं बोलून तो भावाच्या घराच्या उलट्या बाजूला चालू लागला. हातात एक पिशवी होती. सकाळी निघतानाच भरून आणलेली असावी.

पुढच्या आठवड्यात इंजिन बैलगाडीवर चढलं. तापीच्या उतारावर पात्राच्या मधोमध चाक रुतलं. मी लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उतरले, गाडीवान ओरडतोय, मी त्याच्याहून मोठ्यानं ओरडतेय, आणि इंजिन डुलतंय! अर्ध्या तासानं गाडी निघाली. जैनाबादला इंजिन बसवलं, पण मिस्त्री हँडल मारून थकला. मी म्हटलं, सरका. तिसऱ्या फटक्याला ते फटफटलं आणि गावातल्या बाया डोक्यावर डबे घेऊन अशा धावत आल्या की रांग लावायला मला काठी घ्यावी लागली. कोणी आणे द्यायची, कोणी नवे पैसे. हिशेबात माझी तारांबळ उडायची, तरी मी दिवसभर पिठानं पांढरी होऊन हसत असायचे.

तीन वर्षांत कर्ज फिटलं. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी सेक्रेटरींनी काही बाकी उरली नसल्याचा, बेबाकीचा दाखला लिहिला. कर्ज जोडीनं घेतलेलं, म्हणून त्यावर त्याचं नाव वर आणि माझं खाली. त्यानं एक पैही भरली नव्हती. ती दोन नावं बघून मला आधी भयंकर राग आला, आणि मग साहेबांनी आवाज चढवला तेव्हाचा त्याचा चेहरा आठवला. तो तेव्हा देडतलाईच्या बाजारात कोणाच्या तरी दुकानावर मापाडी होता.

"दाखला तुम्हालाच देऊ ना?" सेक्रेटरींनी विचारलं.

"दोन करा," मी म्हणाले. "तोही सुटला आज."