नाव न घातलेली किटली

लग्न होऊन मी जामनेरहून धुळ्याला, देवपुरात आले, तेव्हा त्या स्वयंपाकघरात माझं असं काहीच नव्हतं. हात लावीन त्या भांड्यावर कुणाचं तरी नाव. पातेल्यांवर सासऱ्यांचं, ताटांवर नवऱ्याचं. माहेरून आलेल्या भांड्यांवरसुद्धा वडिलांनी मोठ्या हौसेनं जावयाचंच नाव घालून दिलेलं. शेजारी कार्य निघालं की भांडी उसनी जायची आणि नाव वाचून परत यायची, म्हणून नाव हवंच. कळत होतं, तरी राग यायचा.

शाळेत नोकरी लागली आणि पहिल्या पगारात मी चहाची किटली घ्यायचं ठरवलं. सासूबाई सोबत आल्याच. दुकानदारानं स्टीलची किटली काढली, नाव घालायचं मशीन पुढे ओढलं आणि विचारलं, "नाव कुणाचं?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी आपल्या मुलाचं नाव सांगितलंसुद्धा!

माझं डोकंच फिरलं. मी वरच्या फळीवरच्या काचेच्या किटलीकडे बोट दाखवलं.

"ताई, हिच्यावर नाव नाही घालता येणार. तडकेल," दुकानदार म्हणाला.

"म्हणूनच हवी."

"नाव नही तं कोनी शे, कसं समजी?" सासूबाई पुटपुटल्या. "आनि फुटी गयी तं?"

"फुटली तर माझी फुटेल, आई."

दुकानदारानं उकळतं पाणी ओतून दाखवलं. मी किटलीच्या कानात बोटं नीट बसतात का, तिरकी केल्यावर झाकण पडतं का, ते पाहिलं आणि घेऊन टाकली.

घरी सासूबाई किटलीला हातही लावत नसत. मी तिच्यात गवती चहा टाकून चहा मुरत ठेवला की मात्र ओट्याशी यायच्या आणि काचेतून रंग चढताना बघत उभ्या राहायच्या.

एकदा शेजारीण दारात आली. तिच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते, काचेची किटली हवी होती. घरातली वस्तू द्यायला सासूबाई कधी कुणाला विचारत नसत. मी आत कणीक मळत होते. त्यांचा आवाज आला, "ती मन्ही सूननी शे. तिले इचार."

कणकेच्या हातांनीच मी बाहेर धावले. या घरात पहिल्यांदाच कुणीतरी माझी वस्तू मागत होतं, आणि द्यायची की नाही हे मी ठरवणार होते. दिली, अर्थातच.