आढावकाकांचं आमेन

शनिवारी संध्याकाळी चार घरांतली माणसं एका हॉलमध्ये डोळे मिटून बसली, की किस्से साठणारच. डोळे मिटले तरी कान उघडेच असतात, आणि हसू दाबायचं म्हटलं की ते हमखास येतं! मी रोज झोपण्यापूर्वी दिवसभराचं चार ओळींत लिहून ठेवतो. शनिवारला मात्र चार ओळी कधीच पुरल्या नाहीत. कारण एकच, आढावकाका.

दिल्लीच्या मयूर विहारात तेव्हा नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या. केबल नुकतीच आली होती, वीज मात्र रोज जात होती. आम्ही काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं दर शनिवारी आढावकाकांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये प्रार्थनेला जमायचो. काका मूळचे नगरचे. दिल्लीतच लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये उमेदीची वर्षं काढून, सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर होऊन इथे आलेले. गीत झालं, वचन वाचून झालं, की शेवटची प्रार्थना काकांची. आणि शेवट म्हणजे, तो तिथे सुरू व्हायचा!

*

काकांच्या प्रार्थनेला ठरलेला रूट होता. आधी आमची सोसायटी, मग मयूर विहार. मग यमुना ओलांडून सगळी मंत्रालयं, एकेका खात्यासकट. तिथून थेट नगर जिल्हा, तालुक्यांसह. परतताना आजारी, प्रवासी, बेकार, परीक्षेला बसलेले.

सुमनकाकू स्वयंपाकघराच्या दारात बसून ऐकायच्या. "नगर आलं," असं पुटपुटत उठायच्या आणि चहाचं आधण ठेवायच्या. तरीही तो चहा आम्ही कधी गरम प्यायलो नाही.

दीपक गायकवाड पुण्याहून नवा आला होता. राहायला मुनिरक्यात भाड्याची खोली, नोकरी नॉयडातल्या कॉम्प्युटर कंपनीत. पहिल्याच शनिवारी काका दम घ्यायला थांबले, तसा तो मोठ्याने म्हणाला, "आमेन!"

काकांनी एक डोळा उघडला.

"थांब रे. अजून नॉयडा राहिलंय. तुझी नोकरी तिथेच ना?"

*

काकांचा आवाज खणखणीत. समोरच्या फ्लॅटमधल्या चोप्रा आंटी एका शनिवारी सभेआधीच दारात उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, आली तक्रार! माझ्या बायकोने, मंजूने, गीतांची पुस्तकं हळूच पिशवीत सरकवली.

"भाईसाहब, आज प्रार्थना कितने बजे है?"

"सात बजे. क्यों, कुछ तकलीफ़?"

"नहीं जी. राजमा चढ़ाना है."

काका सुरू झाले की त्या कुकर चढवायच्या आणि 'आमेन' ऐकू आलं की गॅस बंद करायच्या. राजमा अगदी लोण्यासारखा शिजतो म्हणे. "घड़ी का सेल ख़तम हो जाता है, बिजली चली जाती है," त्या आम्हाला म्हणाल्या, "आपके भाईसाहब नहीं रुकते!"

*

एकदा वाचन होतं येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचं, मागणाऱ्याला मिळतं तो भाग. काका म्हणाले, "आज प्रार्थनेला सुरुवात मुलांनी करायची." आमची रोशनी तेव्हा आठ वर्षांची, दिल्लीतच वाढलेली. तिने हात जोडले.

"प्रभू येशू, आढाव आजोबांची प्रार्थना थोडी छोटी कर ना. केबलवर पिक्चर सुरू होतो. प्लीज. आमेन."

मंजूला कुठे तोंड लपवू असं झालं. काका मात्र पोट धरून हसले. "अर्ज पोचला! आता निर्णय वरच्या ऑफिसचा."

त्या दिवशीही पिक्चर अर्धा बुडालाच.

*

मग काकांचा आवाज बसला. आधी सगळ्यांना सर्दी वाटली. सर्दी गेली, आवाज आला नाही. हॉस्पिटलात सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे, काढून तपासावी लागेल. गाठ कसली, ते तपासल्यावरच कळणार. आवाज परत येईल का, ते तर त्याहून नंतर.

डॉक्टरांनी विचारलं, "बहुत बोलने का काम है इनका? टीचर हैं?"

"नहीं," काकू म्हणाल्या, "रिटायर हैं. सिर्फ़ शनिवार को प्रार्थना करते हैं."

"अच्छा. किसके लिए?"

काकूंनी क्षणभर विचार केला. "सबके लिए."

*

ऑपरेशन झालं. रिपोर्ट यायचा होता आणि बोलायला सक्त मनाई होती. काकांच्या हातात पाटी-पेन्सिल आली. आम्ही भेटायला गेलो. दीपकने बायबलमधल्या जखऱ्याचा विषय काढला. जखऱ्या याजकाची मंदिरात वाचा बसली होती आणि मुलगा जन्मून त्याचं नाव ठेवेपर्यंत तोही पाटीवरच लिहीत होता.

"काका, तुम्ही आमचे जखऱ्या!"

काकांनी पाटीवर लिहिलं, 'त्याला मुलगा झाला. मला गाठ.'

काकूंनी वाचलं आणि म्हणाल्या, "या वयात गाठच बरी!"

काका आवाज न करता हसले. खांदे तेवढे हलत होते.

*

शनिवारची सभा चालूच राहिली. शेवटची प्रार्थना दीपककडे आली. काकूंनी नुकतं आधण ठेवलं, तोवर ह्याचं आमेन! चहा इतका गरम, की सगळ्यांच्या जिभा पोळल्या.

जिन्यात चोप्रा आंटी भेटल्या. "भाईसाहब, राजमा कच्चा रह गया. वो लंबी वाली प्रार्थना बंद कर दी क्या?"

मी सगळं सांगितलं. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अच्छा. मैं भी अपने वाले भगवान से बोल दूँगी."

*

काकू सुरुवातीला म्हणायच्या, "तीस वर्षांत पहिल्यांदा मी माझं वाक्य पूर्ण करतेय! ऐकून घ्यावंच लागतं बिचाऱ्यांना." आम्ही हसायचो.

पुढच्या एका शनिवारी त्या चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि तो हातात तसाच धरून मंजूला म्हणाल्या, "मला नाही गं पूर्ण करायची वाक्यं."

काका आतल्या खोलीत झोपले होते. मंजूने ट्रे काढून घेतला. तेव्हा रोशनी, कुणी न सांगता, डोळे मिटून बसली.

"प्रभू येशू, माझी ती वाली प्रार्थना कॅन्सल कर. पिक्चर नाही बघितला तरी चालेल. बिल्कुल चालेल."

*

रिपोर्ट आला. गाठ साधी निघाली! काकूंनी बूथवरून फोन केला. मंजू पिठाच्या हातांनीच रिसीव्हर धरून खाली फरशीवर बसली आणि हसत सुटली. तो रिसीव्हर मी नंतर पुसला, तरी भोकांत कणीक राहिलीच.

आम्ही धावत गेलो. बोलायची मनाई अजून उठली नव्हती. काकांनी आम्हाला बसायची खूण केली, पाटी पुसली आणि गंभीरपणे लिहिलं, 'नगर जिल्हा सध्या कुणाकडे दिलाय?'

*

मनाई उठली. "धीरे बोलना है. थकें तो बंद," असं डॉक्टरांनी बजावलं. आवाज किती आला ते काकांनी घरातही कळू दिलं नाही. "शनिवारी," एवढंच पाटीवर लिहिलं.

शनिवारी वीज गेलेली. वाऱ्यासाठी पुढचं दार उघडं ठेवलं होतं. गीत झालं, वाचन झालं. काकूंनी आधण ठेवलं नाही. दाराजवळच्या आपल्या जागेवर बसल्या.

"प्रभू," काका म्हणाले.

आवाज घोगरा, बारीक. पण काकांचाच! माझ्या शेजारी दीपकने जोरात श्वास सोडला. सोसायटी झाली. मयूर विहार झालं. यमुना ओलांडताना आवाज चिरकला. काका थांबले. आम्ही कुणी डोळे उघडले नाहीत. खोकून ते पुन्हा निघाले, मंत्रालयं एका वाक्यात उरकली आणि नगरला पोचले. काकू उठल्याचं ऐकू आलं. नगरचे तालुके मात्र काकांनी एकही सोडला नाही. आजारी आले, प्रवासी आले, बेकार आले, परीक्षावाले आले. मग अगदी हळू, "आमेन."

आम्ही डोळे उघडले. उघड्या दारात चोप्रा आंटी उभ्या होत्या, डोक्यावर ओढणी, हातात पळी.

"आवाज़ उधर नहीं आ रही थी," त्या म्हणाल्या, "तो यहीं आ गई. राजमा चढ़ा है. गैस बंद कर दूँ?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दीपककडे पाहिलं. आणि पुन्हा हात जोडून डोळे मिटले.

"दो मिनट, बहनजी. नॉयडा रह गया."