खुर्चीत बसलेले मिस्त्री

माझे मोठे मामा परतूरला गवंडीकाम करायचे. सगळं गाव त्यांना मिस्त्रीमामा म्हणायचं, त्यांच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा. आमच्या खेड्यात सातवीपुढं शाळा नव्हती, म्हणून आईनं मला त्यांच्याकडं ठेवलं. लग्न होईपर्यंत मी तिथंच होते.

कुणाच्या घराचं काम घेतलं की मामा आधी घरातल्या बाईला हाक मारायचे. स्वयंपाकघरात तिला उभं करून म्हणायचे, "ताई, पोळ्या लाटता तसे हात धरा." मग तिच्या हाताच्या उंचीवर भिंतीला कोळशानं खूण करायचे. ओटा तेवढाच व्हायचा. घरमालकाचं मत नंतर.

जुन्या काळी काही घरांत आमच्या लोकांसाठी कप वेगळा ठेवलेला असे. तसा कप पुढं आला की मामा "आज चहा नको" एवढंच म्हणत आणि कामाला लागत. अशाच एका घरातल्या मुलांनी मोठी झाल्यावर माडी चढवायला मामांनाच बोलावलं. काम संपल्यावर त्यांना पंगतीत आपल्या शेजारी बसवून जेवू घातलं. त्या रात्री मामा घरी येऊन मामीला फक्त म्हणाले, "वरण चांगलं झाल्तं."

मी कॉलेजात असताना तो अपघात झाला. शाळेतल्या एका मास्तरांच्या घराचं काम चालू होतं. गिलावा करताना पायाखालची फळी सरकली आणि मामा परांचीवरून खाली विटांच्या ढिगावर आले. जालन्याला नेलं, मांडीत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, पण चढायचं नाही.

घरी आल्यावर मामा भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. जेव म्हटलं की जेवायचे, नाही म्हटलं तर तसेच पडून राहायचे. भेटायला माणसांची रीघ लागलेली. कुणी कोंबडी घेऊन यायचं, कुणी दूध. मामा सगळ्यांशी हसून बोलत, पण माणूस उंबऱ्याबाहेर गेला की पुन्हा भिंत.

त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं सिमेंट-वाळूचा माल कालवणारी एक बाई होती. धनगराच्या घरातली, उंच, काटक, कमी बोलणारी. नवरा मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने बाहेर असायचा. आम्ही तिला काकू म्हणायचो. एका दुपारी ती आली आणि बाजेजवळ खाली बसली.

"मास्तर दुसरा मिस्त्री बघून राह्यलेत," ती म्हणाली. "त्याच्या बिगारी बाया त्याच्यासंगंच येत्यात. माझं काम गेलं."

 मामा हळूच या कुशीवर वळले.

"न्हाणीघराच्या भिंतीचा आतला कोपरा कुणी केल्ता?"

काकूनं मान खाली घातली. "तुम्ही जेवाय गेल्तात. माल वाळून राह्यला होता."

"मला तवाच कळलं. बोललो न्हाई."

"चुकला का?"

"चुकला असता तर बोललो असतो," मामा म्हणाले. "उद्या मास्तराला सांग, काम मीच पुरं करून देतो. थापी तू धरायची. मी खाली बसतो."

मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "आन् पाय?"

"पाय काय बोलतोय का भिंतीशी!" अपघातानंतर ते पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. मामी दारात येऊन बघतच राहिली.

रिक्षातून त्यांना कामावर नेलं. मास्तरांनी अंगणात लाल प्लास्टिकची खुर्ची ठेवली, पण त्यांचा चेहरा काही खुलला नव्हता. "मिस्त्रीमामा, बाईमाणसाला जमंल का हे?"

"भिंत वाकडी निघाली तर पाडून पुन्हा बांधून देतो. बराबर?"

निघाली वाकडीच. बांधायची राहिलेल्या मागच्या खोलीची भिंत छातीएवढी झाली आणि मधेच पोट काढल्यासारखी फुगली. शेजारच्या कामावरचे दोन मिस्त्री गंमत बघायला आले होते, ते मोठ्यानं हसले. काकूनं थापी घमेल्यात टाकली आणि फाटकाकडं निघाली. मी मामांचा डबा घेऊन तिथंच आले होते. मामा तिच्या मागं हाका मारत बसले नाहीत. मला म्हणाले, "मला उठव." माझ्या खांद्यावर हात टाकून ते भिंतीपाशी आले, वरची वीट ओढून काढली, मग दुसरी. माल ओलाच होता. एका पायावर भार घेऊन उभं राहताना त्यांचा सदरा घामानं भिजला.

काकू फाटकातून बघत होती. ती परत आली, म्हणाली, "तुम्ही बसा, मी पाडते." आणि हसणाऱ्या त्या दोघांकडं न बघता तिनं सगळी भिंत उतरवली, विटा साफ केल्या, ओळंबा लावून भिंत पुन्हा सरळ बांधली. संध्याकाळी मास्तरांनी स्वतः भिंतीवरून हात फिरवला आणि आत जाऊन चहा सांगितला.

त्या घराचं काम संपलं, मग दुसरं मिळालं. काकूला मिस्त्रीएवढी हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, मिळाली पाहिजे यावर मामा अडून बसायचे. दोन कामं त्यापायी गेली, तरी ऐकलं नाही. पुढं आमच्याच वस्तीतल्या आणखी दोघीजणी थापी शिकल्या. मामा काठी टेकत चालायला लागले, पण खुर्ची सुटली नाही. कामाच्या जागी ती आधी पोचायची. बाया वर, मामा खाली, आणि दिवसभर वरखाली बोलणं: कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा नवरा पितोय, कुठल्या कोपऱ्यात माल जास्त झालाय. ही वीस-बावीस वर्षं त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात बोलकी वर्षं होती, असं मला वाटतं.

ऐंशी ओलांडल्यावर एका सकाळी चहा पिऊन ते पुन्हा आडवे झाले आणि उठले नाहीत. पुण्यानुमोदनाला विहाराचं अंगण पुरलं नाही, माणसं रस्त्यावर बसली. मास्तरही आले होते, मुलाचा हात धरून. कुणी कुणी उठून बोललं. काकूलाही बोलायला सांगितलं, तर तिनं हात जोडले आणि खाली बसली.

जेवणं चालू असताना ती मामीजवळ आली. केस आता पांढरे झालेले.

"वैनी, मी निघते. उद्या आष्टीला स्लॅब हाय. पहाटंच माणसं गोळा करायचीत."

"जेवून तरी जा."

"बांधून द्या. सुनेलाबी."

मामीनं भात आणि वरण डब्यात भरलं, वरून बुंदी ठेवली. फाटकाबाहेर काकूची सून मोटारसायकल चालू करून उभी होती.