सागाला लावलेला कान

आयुष्यातली माझी पहिली नोकरी सागाचे ओंडके खाजवण्याची होती. हे सांगितलं की ऐकणारा हसतो, आणि हसावंच. पहिल्या दिवशी मीही हसलो होतो.

तेव्हा चांदा आणि गडचिरोली असे दोन जिल्हे नव्हते, सगळा मुलूख मिळून एकच चांदा. स्वातंत्र्य येऊन थोडी वर्षं झाली होती. मी कोकणातला, मराठी चौथीनंतर शाळा सुटलेला. लग्न झालं तरी हाताला धड काम नव्हतं. शेवटी लांबच्या एका नातलगाने आलापल्लीच्या बाजूच्या एका लाकूड डेपोत चिकटवून दिलं. घरापासून इतकं लांब आमच्यातलं कुणी गेलेलं नव्हतं. मी तर आगबोट चुकेल या भीतीने आदल्या दिवशीच बंदरावर जाऊन बसणाऱ्या घराण्यातला. जंगलात येऊन पडल्यावर माझी काय अवस्था झाली असेल ते ज्याचं त्याने समजून घ्यावं. भात होता, एवढाच दिलासा. भात खाणाऱ्या मुलखात माणूस अगदीच परका होत नाही.

डेपोत लाकूड ऐकणारा एक वयस्क माणूस होता. झाडीपट्टीतला, घरी थोडी धानाची शेती, कापणी उरकली की डेपोत हजर. सगळे त्यांना मोठे भाऊ म्हणत, मग मीही म्हणू लागलो. सागाचा ओंडका बाहेरून कितीही देखणा असला तरी आत पोकळ निघू शकतो, कुजलेला निघू शकतो, मधूनच तडकलेला असू शकतो. कापून पाहिलं तर माल गेला. म्हणून ऐकून पाहायचं. भाऊ एका टोकाला कान लावत आणि दुसऱ्या टोकाला माणूस बसून नखाने खाजवी. तो माणूस मी.

"खाजव," भाऊ म्हणाले.

मी खाजवलं.

"अबे, लाकूड आहे ते, गंजीच्या बुडाले लागलेली भाताची खरवड नोहे. लेकराचं डोकं खाजवल्यावानी खाजव."

मी हलक्या हाताने खाजवलं. वाटलं, एवढा बारीक आवाज माझा मला ऐकू येत नाही, तर दोन हत्ती एकापुढे एक उभे राहतील एवढ्या लांब लाकडातून यांना काय पोचणार? पण मग भाऊंनी मला त्यांच्या जागी बसवलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला गेले. मी कान टेकला. खर्र खर्र. कानाच्या आत बसून कुणी खाजवतंय इतकं जवळ! मी दचकून उठलो, तर भाऊ तिकडे लांब उभे राहून हसताहेत.

या कामाचा एक रिवाज होता. भाऊंनी हात वर केला की सारा डेपो गप्प व्हायचा. करवती थांबायच्या. बंडीवाले उड्या मारून खाली उतरायचे आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा मुठीत धरायचे. बोलणारा बोलता थांबायचा, विडीवाला झुरका आत कोंडून बसायचा. मग भाऊ ऐकत आणि शेवटी ओरडत, "पास!" नाहीतर, "पोकळ!" तो शब्द निघाला की सगळा गलका पुन्हा सुरू. शब्द निघायच्या आधी कुणी शिंकलं तर त्याची दिवसभर धडगत नसे.

ऐकायला बसण्याआधी भाऊ ओंडक्याचं तोंड ओल्या फडक्याने पुसत, मग तेच फडकं कानाच्या पाळीवरून फिरवत. मला वाटायचं, ही काहीतरी देवाधर्माची गोष्ट असणार. एकदा धीर करून विचारलं.

"देव कायचा घेऊन बसला?" ते म्हणाले. "कान अन् लाकडाच्या मधात वारा नाई राह्यला पायजे. वारा राह्यला का आवाज तिथूनच वापस. ओलं केलं का कान चिपकते."

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. नखाचा बारीक आवाज बारीक तडासुद्धा दाखवतो, पण फार लांबच्या ओंडक्यात तो वाटेतच विरतो. तिथे हातोडीचा जाड ठोका द्यायचा. तो पार टोकापर्यंत जातो, पण बारीकसारीक काही सांगत नाही. "पतला आवाज शाना आहे, पण थकते लवकर. जाडा बुद्धू आहे, पण चालते लंबा," असं ते म्हणत. आणि जोडीला कुणी नसलं तर ते याच टोकाला ठोका देत, याच टोकाला कान लावत, आणि आतून परत काय येतंय त्यावरून ठरवत.

हे सगळं इतक्या तपशिलाने आठवायचं कारण असं की अलीकडे माझ्याच पोटाची सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे आहेत का ते पाहायचं होतं. टेबलावर आडवा झालो. डॉक्टरीणबाईंनी पोटावर गार, बुळबुळीत जेली ओतली, तसा मी शहारलो.

"हे कशाला हो?"

"मध्ये हवा राहायला नको ना, आजोबा. हवा असली की आवाज आत शिरतच नाही, वरच्यावर परत फिरतो."

मी असा काही हसलो की त्यांना यंत्र उचलून धरावं लागलं. ओळखीचं माणूस परगावच्या गर्दीत भेटावं तसं झालं मला. मग मी विचारत गेलो आणि त्या बिचाऱ्या सांगत गेल्या. त्यांच्या हातातल्या त्या ठोकळ्यात, म्हणजे प्रोबमध्ये, स्फटिकासारख्या खड्यांची ओळ असते. वीज दिली की खडे थरथरतात आणि आपल्या कानाला ऐकूच येणार नाही इतका बारीक आवाज पोटात सोडतात. सोडला की गप्प. मग तेच खडे कान होतात आणि परत येणारा पडसाद ऐकतात. जिथे एक मांस संपून दुसरं सुरू होतं तिथून थोडा आवाज मागे फिरतो. जवळचा आधी येतो, लांबचा उशिरा. किती उशीर झाला त्यावरून किती खोल ते यंत्राला कळतं आणि तेवढ्या खोलीवर ते एक ठिपका मांडतं. अशा ठिपक्यांचं चित्र. पाणी असलं तिथून काही परत येत नाही, म्हणून ते काळं दिसतं. हाड आलं की बराचसा आवाज तिथूनच फिरतो आणि त्याच्यामागे नुसती सावली.

"आणि बारीक आवाज लवकर थकतो," मी म्हणालो.

त्यांनी पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "हो. म्हणून खोल बघायचं असलं की जरा जाड आवाजाचा प्रोब घ्यावा लागतो. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी भाऊंचं सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. माझ्या पित्ताशयात खडे नव्हते, हेही सांगायला हवं. पण त्या टेबलावर पडल्यापडल्या मला जे आठवत होतं ते ओंडक्यांचं नव्हतंच. आठवत होती ती पौषातली एक सकाळ.

माझी बायको डेपोवर येऊन वर्ष उलटलं होतं आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण तिची आई नव्हती. शिवाय तिथून कोकणात जायचं म्हणजे बंडी, मोटार, आगगाडी आणि वर पुन्हा घाट. ती म्हणाली, "इथेच राहते. इथल्या बायका आहेत की." आणि खरंच, भाऊंच्या घरून रोज काही ना काही येई. कधी लाखोळीची डाळ, कधी नुसताच निरोप की बाईने आज वाकून काम करू नये.

आठवा सरत आला होता. बाजाराहून येताना तिच्या बंडीचं चाक तोडलेल्या झाडाच्या खुंटावरून गेलं आणि बंडी जबर आदळली. ती पडली नाही, कुठे लागलंही नाही. घरी येऊन स्वयंपाक केला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देता देता ती म्हणाली, "अहो, कालपासून हललं नाही ते."

मी कप खाली ठेवला. एरवी मी कशालाही घाबरतो, पण त्या वेळी घाबरायलासुद्धा सुचलं नाही. तिचा हात धरला आणि निघालो.

डेपोच्या कुंपणाला लागूनच सरकारी दवाखाना होता. डॉक्टर फक्त बाजाराच्या दिवशी येत, पण नर्सबाई कायम तिथे राहायच्या. ठेंगण्या, कपाळाला आठी आणि तोंडात सतत लवंग. आम्ही कुंपणाजवळून जाताना भाऊंनी पाहिलं आणि काही न विचारता मागून आले. दाराबाहेरच उभे राहिले.

नर्सबाईंनी बायकोला आडवं केलं, पोट चाचपून पाहिलं आणि कपाटातून एक लाकडी नळी काढली. छोट्या कर्ण्यासारखी. एक तोंड पसरट, दुसऱ्या टोकाला कान टेकायला चपटी चकती. पसरट तोंड त्यांनी पोटावर ठेवलं आणि वाकून कान लावला. नळीवरचा हात काढून घेतला. नुसत्या कानाने दाबून धरलेली नळी.

एका जागी ऐकलं. सरकवून दुसऱ्या जागी ऐकलं. मग तिसऱ्या. बायको छताकडे बघत होती. मी नर्सबाईंच्या कपाळावरच्या आठीकडे.

"काही आहे का, बाई?"

"थांबा न जरा. ह्या तुमच्या करवतींनी जीव खाल्ला माझा. काय आयकू येते यात?"

बाहेर भाऊंनी ते ऐकलं. ते कुंपणापाशी गेले आणि हात वर केला.

करवती थांबल्या. बंडीवाले खाली उतरले, घुंगरमाळा मुठीत गेल्या. कुणाला ठाऊक नव्हतं काय चाललंय ते. त्यांच्या लेखी कुठल्यातरी ओंडक्याला कान लागला होता. जंगलात पानांवरून थेंब टपकावा तेवढाही आवाज उरला नाही.

नर्सबाईंनी डोळे मिटले. नळी डावीकडे, थोडी खाली सरकवली. आणि त्यांच्या कपाळाची आठी माझ्या डोळ्यांदेखत उलगडली.

"आहे," त्या म्हणाल्या. "चांगला आहे. पळून राह्यला घोड्यावानी."

बायकोने डोळे मिटून घेतले. माझा मात्र विश्वास बसेना. कसा बसावा? कुणी दुसऱ्याने ऐकून सांगितलेलं. मी त्या नळीकडेच बघत राहिलो.

"या इकडं," नर्सबाई म्हणाल्या. "तुमचं तोंड पाहून मलेच भेव वाटून राह्यलं. घ्या, तुम्हीच आयका."

मी गुडघे टेकून कान लावला. धप... धप... धप. सावकाश, जड. मी डोकं वर केलं. "हा तर थकलेला वाटतो हो!"

"तो तिचा ठोका, शहाणेराव!" नर्सबाईंनी माझी बोटं बायकोच्या मनगटावर दाबली. "हा पाहा, बोटाखाली हाच लागते न? हा सोडून द्या. याच्याहून घाईचा कोणता आहे तो शोधा. आणि नळीले हात नका लावू."

मी मनगटावरचे ठोके बाजूला ठेवून ऐकायचा प्रयत्न केला. काही नाही. आणखी दाबून ऐकलं. काही नाही. सारा डेपो श्वास कोंडून, बायको गप्प, मी एका टोकाला कान लावलेला. आणि अशा वेळी माझ्या हाताने जे केलं ते माझ्या डोक्याने सांगितलेलं नव्हतं. बायकोच्या मनगटावरचा हात उठला, पोटाच्या पलीकडच्या बाजूला गेला आणि नखाने हळूच खाजवू लागला. लेकराचं डोकं खाजवल्यावानी.

बायको गुदगुल्यांना भलती हळवी. तिला जे हसू फुटलं! "अहो, ओंडका आहे का मी?" ती खिदळतेय, पोट गदगदतंय, नर्सबाई "अरे देवा, अरे देवा" करत लवंग गिळून बसल्या. आणि त्या गदगदण्यात आतून एक धक्का आला. नळीचं तोंड उडालं आणि चकती माझ्या कानावर ठक्कन बसली.

"हललं!" बायको ओरडली. "हललं हो! लाथ मारली!"

"मारंलच," नर्सबाई म्हणाल्या. "झोपलेल्याले खाजवून उठवलं तर तुम्ही काय नमस्कार कराल?"

मग त्यांनी स्वतः नळी जागेवर बसवून दिली आणि मी पुन्हा कान लावला. आता ऐकू आला. बारीक, घाईचा, थांबायला अजिबात तयार नसलेला. टिकटिक टिकटिक टिकटिक. बायकोच्या ठोक्यांच्या कितीतरी पुढे पळणारा. मला नीट रडूही येईना, कारण रडलो असतो तर आवाज बुडाला असता. किती वेळ ऐकलं ते मला ठाऊक नाही. नर्सबाईंनी शेवटी माझी मान धरून मला बाजूला केलं.

"पुरे. तिले बी उठू द्या. लाथा मोजायच्या, लक्ष ठेवायचं, जरा शंका आली का तडक यायचं. आणि बंडीत बसायचं नाही आता."

बाहेर अजून तशीच शांतता होती. आम्ही विसरूनच गेलो होतो. भाऊंचा हात अजून वर होता आणि शब्द निघाल्याशिवाय कोण हलणार? माळा धरून बंडीवाल्यांच्या मुठी दुखायला आल्या असतील. कुणीतरी कंटाळून लांबून विचारलं, "काय जी, मोठे भाऊ, कोणतं लाकूड आहे एवढं? पास का पोकळ?"

मी दारात आलो, तसं भाऊंनी कुंपणापासून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तेवढ्यात आतून बायकोचं हसू पुन्हा ऐकू आलं.

भाऊंनी हात खाली केला, छातीभर वारा घेतला आणि आजवर कुठल्याच ओंडक्यासाठी ओरडले नव्हते असे ओरडले, "पास!"

एका क्षणात सगळ्या घुंगरमाळा सुटल्या.